पाहुण्याचा दुसरा दिवस

‘आमच्याकडे बघायला आहे तरी काय?’ हे वाक्य नांदेड-लातूरकडे इतक्या सहजपणे बोललं जातं, की आपण आपल्याच गावाची नालस्ती करतोय हे बोलणाऱ्याला जाणवतही नाही. पुण्या-मुंबईचा नातेवाईक असो, बदलीवर आलेला अधिकारी असो किंवा पंजाबातून आलेला भाविक असो, त्याला आपण गुरुद्वारा दाखवतो, फार तर विष्णुपुरीचं धरण दाखवतो आणि परतीच्या गाडीची वेळ विचारतो. माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. या भागात बघण्यासारखं, खाण्यासारखं, हिंडण्यासारखं पुष्कळ आहे. नाही ती फक्त त्याची वाट सांगणारी व्यवस्था. ती उभी करायला कोट्यवधींचा आराखडा लागत नाही. एसटीचं भरवशाचं वेळापत्रक, पाहुण्याला वाचता येईल अशी पाटी आणि आपल्या घरच्या जेवणाबद्दलची लाज टाकून देणं, एवढ्यावर त्याचा मुक्काम एका रात्रीने वाढू शकतो. ती एक रात्र लॉजवाल्याला, रिक्षावाल्याला, भाकरी थापणाऱ्या बाईला आणि एसटीच्या आगाराला किती मोलाची आहे, ते वेगळं सांगायला नको.

पाहुणे आणायचं काम तर केव्हाच झालेलं आहे. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक, हजूर साहिब, नांदेडला आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथे गोदाकाठी देह ठेवला आणि गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवलं, म्हणून जगात कुठेही राहणाऱ्या शिखाला आयुष्यात एकदा तरी हजूर साहिब गाठायचं असतं. अमृतसरहून निघणारी सचखंड एक्स्प्रेस दोन हजारांहून अधिक किलोमीटर तोडून नांदेडला येते आणि वाटेतल्या स्थानकांवर सेवेकरी गाडीतल्या प्रवाशांना लंगर वाढतात. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने शहरात रस्ते, घाट, पूल झाले, विमानतळ नव्याने उभा राहिला. २०२५ मध्ये मुंबई-जालना वंदे भारत नांदेडपर्यंत आली. म्हणजे गावाच्या वेशीपर्यंत पाहुण्याला आणायला सरकारने आणि समाजाने भरपूर खर्च केला. वेशीच्या आत आल्यावर तो काय करतो, हा प्रश्न मात्र कुणाच्याच टेबलावर नाही.

खुद्द तख्ताचंच घ्या. आपली मराठी मंडळी आत जातात, डोकं टेकवतात, प्रसाद घेतात आणि वीस मिनिटांत जोडाघरापाशी परत येतात. दर पहाटे गागरिया सिंघ गोदावरीवर पायी जाऊन गागर भरून आणतो आणि त्या पाण्याने तख्ताची सेवा होते, ही परंपरा नांदेडच्याच कितीतरी लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली नाही. संध्याकाळी गुरूंच्या शस्त्रांचं दर्शन घडवतात. त्यासाठी दिवेलागणीच्या आधी पोचावं लागतं, हे दुपारी येऊन गेलेल्याला कुणी सांगितलेलं नसतं. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान असतं, दसऱ्याला आणि होळीच्या दिवसांत हल्लाबोलची मिरवणूक निघते. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर आठवडाभराने यावं, हेही पाहुण्याला आधी कळायला हवं. डोकं झाकायला रुमाल हवा, चपला जोडाघरात ठेवायच्या, लंगरमध्ये पंगतीत मांडी घालून बसायचं, लागेल तेवढंच मागायचं आणि ताटात टाकायचं नाही. चार ओळींचा मजकूर आहे. स्थानकावर, बसस्थानकावर आणि विमानतळावर मराठी, हिंदी, पंजाबी आणि इंग्रजीत तो लावला, तर याच दर्शनाला अर्धा दिवस लागेल आणि तो अर्धा दिवस पाहुण्याच्या कायम लक्षात राहील.

आता दुसऱ्या दिवसाकडे येऊ. पंजाबी भाविक नांदेडला येतो तो संत नामदेवांना आधीपासून ओळखून येतो. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यांतल्या एका पदात देऊळ फिरल्याची कथा येते. देवळातून हुसकावलेला नामदेव मागे जाऊन भजन करत बसला आणि देऊळच त्याच्याकडे वळलं, ही ती कथा. ती जिथली म्हणून सांगतात ते औंढा नागनाथ नांदेडहून जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. देवळात गेल्यावर नंदी समोर नसून मागच्या अंगाला आहे हे दिसतं. नुसता ज्योतिर्लिंगाचा भक्त तिथे एक वैशिष्ट्य म्हणून बघून पुढे जाईल, पण ज्याने लहानपणापासून ते पद कीर्तनात ऐकलं आहे, त्याला त्या मागच्या अंगणात उभं राहिल्यावर काय वाटेल याचा विचार करा. तिथून पुढे हिंगोली आणि हिंगोलीजवळ नरसी नामदेव, म्हणजे परंपरेने नामदेवांचं मानलेलं जन्मगाव. सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगा हा रस्ता आहे. दोन हजार किलोमीटर प्रवास करून आलेल्या माणसाला त्याच्याच धर्मग्रंथातल्या संताचं गाव शंभरेक किलोमीटरवर आहे हे न सांगता आपण गाडीत बसवून देतो, याला मी करंटेपणा म्हणतो. एक बारीक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. नांदेड-देगलूर रस्त्यावर नायगाव तालुक्यात दुसरी एक नरसी आहे आणि ती मोठा फाटा असल्यामुळे बसस्थानकात ‘नरसी’ म्हटलं की बहुतेकदा तीच धरली जाते. परक्या माणसाने ‘नरसी नामदेव, हिंगोलीजवळची’ असं पूर्ण नाव घेऊनच विचारावं. नाहीतर तो बरोबर उलट्या दिशेला जाऊन पोचेल.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की भाविक हा भाविक असतो, पर्यटक नव्हे. त्याला देवदर्शन हवं असतं, किल्ले-लेणी नकोत. हे ऐकायला बरोबर वाटतं, पण रस्त्यावरचा व्यवहार वेगळंच सांगतो. नांदेडला आलेले कितीतरी शीख भाविक गाडी ठरवून बिदरच्या नानक झिरा साहिबला जातात. गुरू गोविंदसिंगांच्या पंजप्याऱ्यांपैकी, म्हणजे पाच लाडक्या शिष्यांपैकी, भाई साहिबसिंग बिदरचे, हेही त्यामागचं कारण. म्हणजे माणूस दुसऱ्या दिवशी हिंडायला तयार आहे, खर्च करायलाही तयार आहे. आपण फक्त त्याला मधल्या वाटेवर थांबायचं कारण दिलेलं नाही. बिदरला देगलूरवरून गेलं तर होट्टल जवळ पडतं. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं देऊळ तिथे आहे, आणि त्याच्या बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी बघायला एक तास सहज जातो. उदगीरवरून गेलं तर उदगीरचा किल्ला लागतो. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं ती उदगीरची लढाई. त्या विजयानंतरच भाऊ उत्तरेच्या मोहिमेवर गेले आणि वर्ष उलटायच्या आत पानिपत झालं. मराठी माणसाला पानिपत पाठ असतं, पण त्याच्या आदल्या वर्षीचं उदगीर आपल्याच वाटेवर आहे हे त्याला कुणी दाखवत नाही. माहूरची रेणुका साडेतीन पीठांपैकी एक, तिथे गर्दीला तोटा नाही, म्हणून तिच्याविषयी इथे जास्त बोलत नाही.

नांदेडहून लातूरला जायला रेल्वेने परभणी-परळीचा मोठा वळसा पडतो, लोह्यावरून थेट मार्ग व्हावा ही मागणी जुनी आहे. तोवर एसटी किंवा खासगी गाडी हाच मार्ग, आणि मला विचाराल तर हा रस्ता पाहुण्याच्या पथ्यावरच पडतो. लोह्याहून थोडं आत वळलं की कंधार. राष्ट्रकूटांचा तिसरा कृष्ण स्वतःला कंधारपूरचा अधीश्वर म्हणवत असे, एवढी या गावाची प्रतिष्ठा होती. पाण्याने भरलेल्या खंदकातला भुईकोट, राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागर, क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेष, हे सगळं एका दुपारीत पाहून होतं. पुढे हमरस्त्यावरच माळेगाव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला तिथे खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रा सुरू होते. घोडे, गाढवं, बैल यांचा बाजार, कुस्त्यांचा फड, लावणीचा तंबू, भटक्या जमातींची पालं, सगळं एकाच माळावर. आणि दुसऱ्या दिवशी अमावस्या, म्हणजे लातूरकडची येळवस. या दोन दिवसांसाठी कुणी मराठवाड्यात यावं आणि नांदेड ते लातूर एवढंच हिंडावं, तर त्याला महाराष्ट्राची अशी एक बाजू दिसेल जी कुठल्याही माहितीपत्रकात नाही.

येळवशीला लातूरचा बाजार ओस पडतो, कारण सगळं गाव शेतात गेलेलं असतं. कडब्याची कोप करायची, तिच्यात पांडव मांडून पुजायचे आणि मग पंगत. भज्जी हा त्या दिवसाचा राजा. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे हिरवे दाणे, मेथी, पातीचा कांदा, हाताला लागेल ती भाजी, सगळं एकत्र शिजवून वर बेसन आणि चिंचेचा कोळ. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. आंबिल मडक्यातली, ज्वारीचं पीठ आणि ताक आंबवून केलेली, लसणाचा वास असलेली, पोटात गार पडणारी. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून बसवण्याची रीत अजून आहे. इथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो: पाहुण्यांचे जथे आणले तर हा सण बाजारू होणार नाही का? होईल, जर त्याचं तिकीट लावलं तर. कोपीभोवती खुर्च्या मांडून ‘अनुभव’ विकला तर. म्हणून येळवशीचा महोत्सव करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तारीख सांगावी, रीत सांगावी, रिकाम्या हाताने जाऊ नये हे सांगावं, एवढंच. बाकी बोलावणं शेतकऱ्याचं.

पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांत पाहुण्याने काय खावं? इथे आपली चूक सगळ्यात मोठी आहे. नांदेड काय किंवा लातूर काय, हॉटेलच्या फलकावर पनीरचे दहा प्रकार आणि चायनीज असतं, भाकरी मात्र ‘ऑर्डरप्रमाणे’. पंजाबातून आलेल्या माणसाला आपण पनीर बटर मसाला वाढतो, हे मला कधीच समजलेलं नाही. त्याला ज्वारीची गरम भाकरी, येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे आणि दही द्यावं. सकाळी सुशीला द्यावा. चुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन, वर दाण्याचं कूट घातलेला तो नाश्ता दहा मिनिटांत होतो आणि खिशालाही परवडतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्याची खूण नांदेडच्या तहारीत आणि बिर्याणीत आहे. ती चव मुंबईत मिळत नाही. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची पटडी चिंच, कास्ती कोथिंबीर या लातूर जिल्ह्यातल्या पिकांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मग त्या डाळीचं, त्या चिंचेचं आणि त्या कोथिंबिरीचं एक साधं वरण लातूरच्या बसस्थानकासमोर नाव लावून का मिळू नये? सिंगापूरसारख्या श्रीमंत शहराने रस्त्यावरच्या विक्रेत्यांना छपराखाली आणलं, पाणी आणि स्वच्छता दिली आणि तीच खाद्यसंस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत नेली. त्यांनी खाणं बदललं नाही, खाण्याची जागा नीट केली. आपल्याकडे बचत गटांच्या बाया भाकरी उत्तम करतात. त्यांना स्थानकाजवळ नळ, ओटा आणि सावली मिळाली तर पुढचं त्या बघतील.

लातूरला पाहुणा नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी शिकवणी वर्गांच्या गल्ल्यांमधून रविवारी फिरून यावं. ‘लातूर पॅटर्न’मुळे राज्यभरातली मुलं इथे खोल्या घेऊन राहतात आणि त्यांना भेटायला आईबाप येतात. ते प्रवासीच आहेत, आपण त्यांना प्रवासी मानत नाही इतकंच. पोराला तासाला सोडल्यावर मधले पाच-सहा तास ते लॉजवर नाहीतर झाडाखाली काढतात. गंजगोलाई चालत जाण्याच्या अंतरावर असते. १९१७ च्या सुमारास वसवलेली ही गोल पेठ, मध्यभागी अंबाबाईचं देऊळ आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. एका रस्त्यावर सोनं, दुसऱ्यावर भांडी, कुठे कापड, कुठे मिरची आणि गूळ. अशा घाटाची पेठ महाराष्ट्रात दुसरीकडे शोधूनच सापडेल. औशाचा भुईकोट आणि खरोशाची लेणी अर्ध्या दिवसात होतात. किल्लारीला मात्र प्रेक्षणीय स्थळ म्हणून जाऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं घरांखाली गेली. ज्याला जावंसं वाटेल त्याने स्मृतिस्तंभापाशी शांतपणे उभं राहावं, फोटो काढत हिंडू नये.

पाण्याचा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं लातूर पर्यटकांना बोलावतंय, हे कुणाला खटकलं तर चुकीचं नाही. पण मी इथे जलतरण तलाव असलेली हॉटेलं मागत नाही. येणारा माणूस येतोच आहे, तो एका रात्रीऐवजी दोन रात्री राहावा एवढंच म्हणतो, आणि तेही ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात, जेव्हा ऊन सोसवतं आणि पाणीही असतं. एप्रिल-मेमध्ये पाहुण्याला ‘आता येऊ नका’ असं सांगण्याचा प्रामाणिकपणा आपल्याकडे असायला हवा. दुसरा आक्षेप असा, की आधी रस्ते होऊ द्या, मग पर्यटन. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग हे त्या विचाराचं टोक. सुमारे ८०० किलोमीटरचा हा प्रस्तावित रस्ता नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतूनही आखला आहे आणि जमीन जाणार म्हणून इथले शेतकरी त्याला विरोध करत आहेत. त्या वादात इथे शिरत नाही. पण द्रुतगती रस्ता माणसाला गावावरून पुढे नेण्यासाठी असतो, गावात उतरवण्यासाठी नाही. कंधारला उतरणाऱ्याला हवी असते कंधारची बस आणि परतीच्या शेवटच्या बसची खात्री.

ही खात्री देणारी यंत्रणा आपल्याकडे आहे, तिचं नाव एसटी. तिची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना १९८८ पासून चालू आहे. चार किंवा सात दिवसांचा एक पास काढला की हवं तिथे चढा, हवं तिथे उतरा. जपानच्या रेल्वे पासचं कौतुक करणाऱ्या किती लोकांनी हा पास कधी काढला आहे? महिलांना तर मार्च २०२३ पासून तिकीटही निम्मंच. पण नांदेडच्या पाहुण्याला यातलं काही माहीत नसतं, कारण पाटी फक्त मराठीत आणि चौकशीच्या खिडकीवर गर्दी. पाटीवर गुरुमुखी आणि हिंदी आली तर मराठीचा अपमान होतो असं कुणाला वाटत असेल तर त्याने घुमानची आठवण ठेवावी. २०१५ मध्ये आपण ८८ वं मराठी साहित्य संमेलन पंजाबात, नामदेवांच्या कर्मभूमीत भरवलं, आणि तिथल्या लोकांनी आपल्याला परकं मानलं नाही. मराठी वरच राहील, खाली एक ओळ वाढेल. रिक्षांचे दर स्थानकाबाहेर मोठ्या अक्षरांत लावणं हे तर एका दिवसाचं काम आहे.

सुरुवात मोठी नको. सकाळी सातला गुरुद्वाऱ्याजवळून एक एसटी निघावी. पुढच्या पाटीवर मराठीत आणि गुरुमुखीत ‘औंढा नागनाथ – नरसी नामदेव’. औंढ्याला दीड तास थांबा, नरसीला दर्शन, दुपारचं जेवण वाटेत एखाद्या बचत गटाकडे भाकरी-आमटीचं, आणि संध्याकाळी शस्त्रदर्शनाच्या आधी नांदेडला परत. दसऱ्यापासून होळीपर्यंत ती रोज सोडावी, मग तिकिटांचा हिशोब काढून बघावा.